लटारूभाऊंचा शनिवारचा तास

चांद्याच्या नव्या कॉलेजात लटारू कापगते ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे काय, तर दोन खोल्या, सहा कपाटं आणि एकटा माणूस. पण ऐट अशी, की किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून निघाले म्हणजे व्हरांड्यात प्राचार्यांआधी त्यांची चाहूल लागे. प्रत्येक पुस्तकाचं कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि कार्डांसाठी सागवानी खण सुताराच्या उरावर बसून करून घेतले होते.

पोरं मात्र येऊन गाइड मागायची. छापलं आहे ना, मग खरंच, एवढीच त्यांची अक्कल! लटारूभाऊंचा जीव तुटे. शेवटी ते हात धुऊन प्राचार्यांच्या मागे लागले. शनिवारचा एक तास मला द्या, पुस्तकात शोधायचं कसं आणि सापडलेलं पारखायचं कसं, ते मी शिकवतो. १९५९च्या जुलैत प्राचार्यांनी तास दिला, पण अट घातली. होळीआधी ते स्वतः परीक्षा घेणार. पोरं तोंडघशी पडली तर तास बंद.

पहिल्याच शनिवारी भाऊंनी टेबलावर मूठभर धान ओतलं.

"पेरसान का हे?"

पोरं सगळी भाताच्या मुलखातली. एकजण म्हणाला, "पहिले सांगा भाऊ, कोनाच्या बांधीतलं हाये?" भाताच्या खाचराला तिकडे बांधी म्हणतात.

"अखीन?"

"कोन्या सालचं हाये? आन् ओल्या गोणपाटात ठेवून पाहू, उगवते का नाई."

"बियाण्याले तीन सवाल करता, आन् पुस्तकाले एक बी नाई? काऊन रे?"

मग वर्षभर हेच चाललं. लिहिणारा कोण, त्याला कुठून कळलं, कोणत्या सालात लिहिलं, आणि दुसरं पुस्तक तेच सांगतं का. पोरं जांभया देत, भाऊ टेबलावर मूठ आपटत. एक शनिवार म्हणून चुकवला नाही.

परीक्षेचा दिवस आला. प्राचार्य मनाचे वाईट नव्हते. भाऊंची लाज राहावी म्हणून त्यांनी मुद्दाम सोपा प्रश्न काढला: पिपरटोल्याचा तलाव कोणी बांधला? पिपरटोला हे भाऊंचंच गाव, आणि उत्तर भाऊंनीच कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहिलं होतं. संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९च्या दुष्काळात त्यांच्या आजोबांनी लोकांना काम मिळावं म्हणून तलाव बांधला. गावात त्यांच्या घराला तलाववाले म्हणत. एकोणीस जणांनी अंक उघडून धडाधड उत्तर लिहून दिलं.

विसावी मनकर्णा, वर्गातल्या दोन मुलींपैकी एक. तिनंही अंक पाहिला, पण तो मिटून ती कार्डांच्या खणाकडे गेली. अर्ध्या तासानं धुळीनं भरलेला एक जाड ग्रंथ घेऊन उभी राहिली.

"सर, हा जमीन मोजून सारा ठरवायच्या बंदोबस्ताचा सरकारी अहवाल. दुष्काळाच्या तीस वर्षं पहिलेचा. याच्यात पिपरटोल्याचा तलाव हाये, आन् जुना म्हणून लिवला हाये. म्हणजे भाऊच्या आजोबानं तो नाई बांधला. कोनं बांधला, ते मले सापडलं नाई."

भाऊंचे कान तापले. त्या अहवालाचं कार्डही त्यांच्याच अक्षरातलं होतं. पण त्यात आपल्या गावाचं पान उघडावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. घरच्या बियाण्याला कोण भिजवून पाहतो?

"गुरूलाच खोटं पाडतेस?" प्राचार्य कडाडले.

भाऊ उठले. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "साहेब, एकोणीस नापास. विसावा मी नापास. हे पोरगी पास झाली. एका सालात एक निघाली, कमी हाये का?"

प्राचार्यांनी अहवाल ओढून घेतला, वाचला, आणि हळूच म्हणाले, "कापगते, उत्तर म्हणून मीही तेच धरून बसलो होतो. पुढच्या वर्षी तास चालू ठेवा. मीही येऊन बसेन."

रविवारी भाऊ गावी गेले. ऐंशीचे वडील पडवीत बसले होते. तलाव आज्यानं बांधला नाही, हे ऐकून म्हाताऱ्यानं हातातलं विड्याचं पानही खाली ठेवलं.

"घरचं नाव बुडालं, आन् तू हासून राह्यला?"

"बाबा," लटारूभाऊ म्हणाले, आणि त्यांची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी, "तलाव आपला नाई निघाला. पन ते पोरगी म्या शिकवली हाये."