उसन्या दिवसांचा प्रचार

१५ नोव्हेंबर २०२२. रुपये १,८४५. ग्रामपंचायत निवडणुकीचा एवढा खर्च पुष्पा जगन भोये यांनी तहसील कचेरीत माझ्या टेबलावर सादर केला. पत्रके, एक बॅनर आणि जव्हारला येण्याजाण्याचे जीपभाडे. पावत्या टाचणीने लावलेल्या होत्या.

पुष्पा साखरशेतकडच्या एका पाड्यावरची. दरवर्षी दिवाळी झाली की नवराबायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जात. या वर्षी जगन एकटाच गेला. पुष्पा निवडून आली होती आणि तिला पाड्यावर नळ आणायचा होता.

तिच्याविरुद्ध पडले ते हेमंत ठेकेदार. त्यांचा सादर खर्च रुपये ९६०. मतदानाआधी तीन दिवस त्यांच्या अंगणात मटण शिजत होते. वास पलीकडच्या पाड्यापर्यंत जात होता म्हणतात. पण वासाला पावती नसते, त्यामुळे तो हिशेबात धरता येत नाही.

अशात मुंबईहून कायद्याच्या प्राध्यापिका डॉ. उज्ज्वला आल्या. निवडणुकीतला पैसा हा त्यांच्या संशोधनाचा विषय. हेमंतभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि आपण साधा माणूस असल्याचे सांगितले. त्याची नोंद झाली. पुष्पाने मात्र विचारले ते सगळे सांगून टाकले. तिच्यासाठी एकोणतीस माणसे एकेक दिवस घरोघर फिरली होती. लावणी-कापणीला दिवसाच्या बदल्यात दिवस देतात, तसाच हा प्रचार. आता ती एकेकाच्या शेतावर जाऊन दिवस फेडत होती.

बाई भारावल्या. तालुक्याला त्यांचे व्याख्यान झाले, पडद्यावर पुष्पाचा फोटो आला. शहरात प्रचाराचा माणूस दिवसाला हजार घेतो, म्हणून या श्रमाचे मूल्य एकोणतीस हजार, असे त्यांनी कौतुकाने सांगितले. खर्चाची मर्यादा पंचवीस हजारांची. हेमंतभाऊ पहिल्या रांगेत बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज आला: मर्यादा ओलांडली, सबब सदस्यत्व रद्द करावे.

सुनावणी डिसेंबरात झाली. पुष्पा शेजारणीला, रखमीला, घेऊन आली.

"एकोणतीस माणसं फिरवलीत?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"फिरवली, साहेब. अठ्ठावीस जणांचा दिवस फेडला. हिचा राहिलाय."

"आज माझी भाताची झोडणी होती," रखमी म्हणाली. "तुम्हीच बोलावलंत हिला."

"बघा, कबूलच करते," हेमंतभाऊ म्हणाले.

"हेमंतभाऊ, तू तीन बोकडांचं काय दिलंस ते पण सांग की," पुष्पा म्हणाली.

"ते नवसाचे होते."

"तिन्ही?" रखमीने विचारले. "देवाला मतदानाची तारीख कुणी कळवली?"

मग साक्षीला बोलावलेल्या बाई उठल्या. श्रमाचे मूल्यांकन या विषयावर त्या बराच वेळ बोलल्या. माझा चहा गार झाला.

"याची पावती आहे?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"अशा व्यवहाराला पावती नसते, सर. तेच तर माझं संशोधन आहे."

अधिकाऱ्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पावती नाही, सबब खर्च सिद्ध होत नाही, अर्ज फेटाळला. हेमंतभाऊंना हरकत घेता येईना, कारण त्यांचे तिन्ही बोकड याच नियमावर उभे होते. पुष्पाचे सदस्यत्व राहिले. निकाल मीच टाइप केला. नियमाने तो बिनचूक आहे.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "पुष्पाताई, माझ्यामुळे तुमचा आजचा दिवस गेला."

"तिचा कुठला? माझा गेला," रखमी म्हणाली. "उद्या या झोडायला."

बाई खरोखरच गेल्या. दुपारपर्यंत त्यांनी भात झोडले, मग हाताला फोड आले आणि एसटीचीही वेळ झाली. रखमीने तो अर्धा दिवस पुष्पाच्या फेडीत धरला. पुष्पाकडून तिला अर्धा दिवस अजून येणे आहे.