खळवहिनींच्या नऊ फळ्या

माझ्या सासूबाईंची उंची पाच फुटांच्या आत, पण एकदा मनात डूख धरला की भल्याभल्यांना घाम फुटतो. जुन्या गल्लीत त्यांना सगळे खळवहिनी म्हणायचे. सासऱ्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि पुठ्ठे चिकटवायची खळ रोज सकाळी सासूबाई शिजवायच्या. सासऱ्यांची कंबर कायम धरलेली, म्हणून दुकान उघडायच्याही त्याच. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे सासऱ्यांचे भाऊ, यायचे अकराला, आयत्या उघड्या दुकानात.

आता ती गल्लीही नाही आणि सासरेही नाहीत. गल्ली पाडायची ठरली तेव्हा दुकानाचा कागद बाहेर निघाला आणि त्यावर नाव धाकट्या भावाचं! सासऱ्यांनीच त्याला विश्वासाने कागद करायला कचेरीत पाठवलं होतं आणि या पठ्ठ्याने गुपचूप स्वतःला मालक करून टाकलं होतं. वर दुकानाला आडवी पट्टी ठोकून कुलूप घातलं. सासरे तीन दिवस बाहेर उभे होते. "अरे, उघड रे. माझ्या सुया तरी दे, दाभण तरी दे," म्हणत होते. हे महाशय समोर चहा पीत "उद्या बघू" म्हणाले. चौथ्या दिवशी गल्ली पडली, अवजारांसकट. सासरे पुढे दुसऱ्याच्या छापखान्यात कागदांच्या घड्या घालत बसले आणि दोन वर्षांत गेले. सासूबाईंनी त्यानंतर दिराचं नाव तोंडातून काढलं नाही. नुसतं 'तो' म्हणायच्या.

याला सव्वीस वर्षं झाली. यंदा एका संग्रहालयाने ती गल्ली कॉम्प्युटरवर पुन्हा उभी केली. आपला एक बाहुला घ्यायचा, बटणं दाबून त्याला गल्लीतून चालवायचं आणि भेटेल त्याच्याशी हेडफोन लावून बोलायचं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिला. सासूबाई नळ बघत, ओटे बघत खुशीत चालल्या होत्या. दुकानापाशी त्यांचा बाहुला थबकला. पाटीवर मालक म्हणून दिराचं नाव! पाटीखाली दिरांचा कात्री धरलेला फोटो.

"मेल्याला कात्री धरायची अक्कल नव्हती कधी," सासूबाई म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या. त्या अशा हसल्या की मला धडकी भरते.

संग्रहालयाची एक मुलगी जुन्या लोकांना फोन करून बारीकसारीक माहिती विचारत होती. सासूबाईंनी तिला तासभर सगळं सांगितलं. दुकानाला दार नव्हतं, नऊ उभ्या फळ्या होत्या, त्यांवर एक ते नऊ आकडे. पण खाचेतून सुटायची फक्त मधली, पाचवी. तिला गुडघ्याने वर ढकलायचं, ती निघाली की बाकीच्या मध्ये सरकवून काढायच्या. आतून काही करता येत नसे. मुलगी हरखली आणि तिने हुबेहूब तसंच केलं. मालकाबद्दल मात्र सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही.

"अहो, खरं नाव सांगा की!" मी चिडून म्हटलं.

"मी कशाला? तो सांगेल."

रविवारी दुपारी उद्घाटन होतं. मीही सासूबाईंच्या हेडफोनला कान लावून शेजारी बसले होते. गल्लीतली चाळीसेक माणसं आपापल्या घरून कॉम्प्युटरवर आली होती. दुकान उघडायचा मान मालकांचा. दिरांचा बाहुला ऐटीत पुढे झाला आणि पहिल्या फळीला भिडला. फळी ढिम्म हलेना. मग नववी, मग दुसरी. कोणीतरी खुसखुसलं. "चाळीस वर्षं बसलात ना हो इथे?" शेजारच्या शिंप्याने विचारलं.

"हे कॉम्प्युटरवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय," दीर म्हणाले.

सासूबाईंचा बाहुला गर्दीतून पुढे आला. पाचवी फळी, गुडघा, वर. घटकेत नऊच्या नऊ फळ्या बाजूला. "या भावजी, बसा आपल्या गादीवर," त्या इतक्या गोड बोलल्या की माझ्या अंगावर काटा आला. दीर आत गेले. त्यांनी वळून बघेपर्यंत सासूबाईंनी फळ्या परत लावायला घेतल्या होत्या. शेवटी पाचवी बसली.

"वहिनी, हे काय? अहो, उघडा!"

"कोणाचं दुकान ते सांग, मग बघू."

आत दिरांचा बाहुला फळ्यांवर धडका देऊन बघत होता.

"दादाचं," बारीक आवाज आला.

"मोठ्याने. शिंप्याला ऐकू कमी येतं."

"दादाचं होतं! कागद मी फिरवला! झालं समाधान?"

त्या मुलीने तिथल्या तिथे पाटीवरचं नाव पुसून सासऱ्यांचं लिहिलं. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं.

"आता तरी उघडा, वहिनी."

सासूबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"अहो, तुम्ही उघडणार होतात ना?" मी विचारलं.

"बघू म्हटलं होतं. त्यानेही तेच म्हटलं होतं." त्या उठल्या. "त्याला एक बटण दाबलं की घरी जाता येतं. ह्यांच्या सुया अजून त्या ढिगाऱ्याखाली आहेत."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. हेडफोनमधून "वहिनी, वहिनी" येतच होतं. लॅपटॉप बंद करायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला.