हो म्हणताना अट घातली नव्हती

मी निवृत्त झालो तेव्हा अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या आमच्या घरात दोनच माणसं उरली होती, मी आणि माझी बायको. मुलगा नोकरीसाठी सिएटलला गेलेला. मी जन्मभर पुलांची डिझाइन्स केली. पलीकडचा काठ मोजल्याशिवाय अलीकडे खांब उभा करायचा नाही, ही हाडात मुरलेली सवय. बायकोचं सगळं उलट. सकाळी देवापुढे दिवा लावला की ती शेजारणीशी बोलावं तशी त्याच्याशी बोलायची. त्या हिवाळ्यात तिचं एकच मागणं चाललं होतं. "हातपाय अजून चालतायत माझे. काय काम असेल ते सांग."

काम सांगितलं गेलं ते गावच्या लायब्ररीत. ती पुस्तकं परत करायला गेली होती. तिथे एक बाई फॉस्टर पालकांबद्दल माहिती देत होत्या. ज्या मुलांना त्यांचे आईवडील काही काळ सांभाळू शकत नाहीत, त्यांना तेवढ्या काळापुरतं आपल्या घरी ठेवून घेणारी माणसं. ही घरी आली आणि कोटही न काढता म्हणाली, "आपण हे करायचं."

"देवानं सांगितलं?" मी हसून विचारलं.

"आवाज वगैरे काही आला नाही. पण तिथून पाय निघेना. मला तेवढं पुरे आहे."

मग मी माझे प्रश्न काढले. मूल कुठलं येणार? किती दिवस राहणार? आजारी असलं तर? आपल्या वयाला झेपणार का? प्रत्येकाला तिचं एकच उत्तर, "माहीत नाही." मुलगा फोनवर म्हणाला, "मॉम, आर यू शुअर? यू गाइज आर ओल्ड!"

"म्हातारी झाले म्हणूनच तर वेळ आहे, राजा," ती म्हणाली.

पुढे क्लासेस झाले, घराची तपासणी झाली, मी कपाटांना लॉक बसवले. आणि वसंतातल्या एका दुपारी फोन आला. चार वर्षांची मुलगी आहे, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, आजच आणू का? बायकोनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर निदान पाच शंका होत्या. तिचा चेहरा बघितला आणि म्हणालो, "म्हण हो."

सोशल वर्करबरोबर ती आली, कपड्यांची काळी पिशवी घेऊन. आमच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ डायनिंग टेबलाखाली जाऊन बसली. कुणी बोलावलं तरी हलेना. बायकोनं ओढाओढ केली नाही. गुडघा दुखतो तिचा, तरी टेबलाशेजारी जमिनीवर बसली आणि परातीत मटार सोलायला लागली, जणू रोज तिथेच बसते. एक दाणा घरंगळत टेबलाखाली गेला. थोड्या वेळानं आतून हात बाहेर आला, आणखी दाणे मागत. "मोर."

अर्धी परात तिनं तशीच संपवली.

आमचं घर शाकाहारी. मुलीला चिकन नगेट्सशिवाय काही चालेना. दुसऱ्या दिवशी बायको स्वतः दुकानात जाऊन नगेट्स घेऊन आली. मी नुसता बघतच राहिलो, तर म्हणाली, "त्यानं पाठवलेली पाहुणी आहे. तिला उपाशी ठेवू का?" काकू म्हणता येईना, म्हणून तिच्या तोंडी बायको 'काऊकू' झाली. मी मात्र बरेच दिवस 'द मॅन' होतो. "द मॅन इज स्नोरिंग," ती काऊकूला जाऊन सांगायची. ज्या दिवशी मला 'काका' म्हणाली, त्या दिवशी मी मुलाला मुद्दाम फोन करून ते कळवलं.

थोड्या दिवसांचे महिने झाले. तिची आई व्यसनातून बाहेर पडायचे उपचार घेत होती. दर आठवड्याला मी मुलीला तिच्या भेटीला न्यायचो. परतताना ती कारच्या खिडकीबाहेर बघत बसायची. मग घरी आल्यावर माझं बोट धरून बॅकयार्डमध्ये न्यायची आणि मी बांधलेल्या झोपाळ्यावर बसायची. मी शाळेची चौकशी करायला लागलो होतो. मनातल्या मनात माझा पूल पार दुसऱ्या काठापर्यंत बांधून झाला होता.

पानं गळायला लागली तेव्हा सोशल वर्कर येऊन म्हणाली, आईची तब्येत चांगली सुधारली आहे, कोर्ट मुलीला तिच्याकडे परत देणार आहे.

सोशल वर्कर गेल्यावर मी भडकलो. "आणि पोरीची आई पुन्हा घसरली तर? आपण वकील करू. असं कसं देऊन टाकायचं?"

बायको मुलीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला काय आनंद झालाय का?" ती म्हणाली. "पण हो म्हणताना आपण अट घातली नव्हती. ती आपली झाली तरच सांभाळू, असं म्हणालो होतो का?"

थोड्या वेळानं देवघरातून तिचा आवाज आला. ती रडत होती. "तू म्हणतोस तसं करते," ती त्याला सांगत होती, "पण मला हे कळत नाही, आणि आवडतही नाही." इतक्या वर्षांच्या संसारात तिला देवावर असं रागावलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि रागावूनही ती तिथून उठत नव्हती. मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. हात कधी जोडले गेले ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सोशल वर्करला विचारलं, मुलीच्या आईला जेवायला बोलावलं तर चालेल का? परवानगी मिळाली. आई आली. अगदी तरुण, किडकिडीत पोरगी, स्वेटरच्या बाह्या पंजांवर ओढून दारातच उभी. आम्ही आता तिला बोल लावणार, अशी तिची तयारी दिसत होती. बायकोनं तिला आत घेतलं, वरणभात वाढला. मुलगी आईला हातानं कालवायचं शिकवायला लागली, "नो, नो, लाइक धिस!"

जेवता जेवता ती पोरगी म्हणाली, "तुम्ही हिच्याबरोबर जमिनीवर बसता म्हणे. मला कुणी असं वाढवलं नाही. मला येत नाही ते."

"येतं हळूहळू," बायको म्हणाली. "मलाही कुठे येत होतं?"

मग त्या पोरीनं अडखळत सांगितलं. बेकरीत काम मिळालंय, पण शनिवारी जावं लागेल, आणि मुलीला बघायला कुणी नाही. बायकोनं माझ्याकडे पाहायच्या आत मीच म्हणालो, "आम्ही आहोत."

मुलगी आईकडे राहायला गेली. पहिला शनिवार फोनशिवाय गेला, दुसराही. मी झोपाळ्यावरची पानं झाडत बसायचो. बायको दिवा लावायची आणि काहीच मागायची नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी दारात दोघी उभ्या. आईच्या हातात बेकरीतला गरम ब्रेड होता.

मधे एकदा ती पोरगी डगमगली. पण पिण्याआधी तिनं बायकोला फोन केला, आणि मी तिला उपचारांच्या जागी पोचवून आलो. त्या दिवसांत मुलगी आमच्याकडे राहिली. आता ती तिसरीत आहे, आणि पुढचं आम्हां कुणालाच माहीत नाही.

यंदा गणपतीला दोघी आल्या होत्या. आरतीला मुलगी झांजा वाजवत होती, कुठलाच ताल न पाळता, जीव तोडून. तिची आई मागे भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मी काय करू?"

"मलाही सगळे शब्द येत नाहीत," मी म्हणालो. "टाळ्या वाजव."