बाबांचे निवडुंग

बाबांच्या हाती पहिला निवडुंग मी दिला आणि तो त्याच पावसाळ्यात कुजला. खरं सांगायचं तर तो मी त्यांच्यासाठी आणलाच नव्हता. तेव्हा मी सूर्यमाळच्या एका पाड्यावर शिक्षिका होते. तिथे मार्च उजाडला की पाण्याचे हाल सुरू व्हायचे. बायका दोन-दोन डोंगर उतरून हंडा आणायच्या, त्यामुळे माझ्या खोलीत साधी तुळस ठेवायलाही मला लाज वाटायची. पाणी लागत नाही असं एखादं झाड आपलं असावं, एवढंच मनात होतं. बाबांच्या डोळ्यांचं औषध आणायला नाशिकला गेले होते, तेव्हा रस्त्याकडेच्या नर्सरीतून एक वीतभर उंचीचा निवडुंग घेतला आणि औषध द्यायला जव्हारला घरी उतरले.

बाबा पडवीत बसलेले होते. सगळी नोकरी त्यांनी कचेरीत कारकून म्हणून केली. पेपर वाचायचा तर पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत, असा त्यांचा नेम. निवृत्त झाल्यावर काचबिंदू लक्षात आला, तोही उशिरा. दोन वर्षांत डावा डोळा गेला आणि उजव्यातून फक्त उजेड आणि सावली कळायची. नाशिकच्या डॉक्टरांनी आता आहे एवढं टिकवायचं, असं सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा फाटकाबाहेर पडायचे बंद झाले होते.

"काय आणलंस?" त्यांनी विचारलं आणि मी काही सांगायच्या आत हात पुढे केला. काटे बोटांत रुतले. आई आतून धावत आली.

"घरात काटेरी झाड कशाला? भांडणं लागतात त्यानं," ती म्हणाली.

बाबांनी हात मागे घेतला नाही. बोटं काट्यांच्या मधून, झाडाच्या उभ्या कडांवरून, धारेधारेवरून हळूहळू फिरवत राहिले. "अकरा धारा आहेत याला," ते म्हणाले. मी मोजल्या तर बारा निघाल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या, या वेळी जिथून सुरुवात केली तिथे अंगठा रोवून. "बारा. बरोबर," म्हणाले, आणि कुंडी मांडीवरच ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सूर्यमाळला जाणाऱ्या जीपमध्ये मी निवडुंगाशिवाय बसले.

आईचा विरोध बोलण्यापुरताच होता. एकदा झाड घरात आलं म्हटल्यावर तिनं त्याची सेवा सुरू केली. परसातली काळी माती, त्यात मुरलेलं शेणखत आणि रोज सकाळी तुळशीबरोबर तांब्याभर पाणी. कुंडी म्हणून रंगाची रिकामी प्लॅस्टिकची बादली. जुलैत मी शनिवारी घरी आले तेव्हा बाबा म्हणाले, "बघ जरा, हा खाली मऊ लागतोय." मी बुंध्याला हात लावला आणि अख्खं झाड हातात आलं. मुळं नव्हतीच. खाली नुसता तपकिरी चिखल, आणि त्याला कुजक्या बटाट्यासारखा वास.

बाबा दोन दिवस फारसे बोलले नाहीत. मी निघताना म्हणाले, "दिसत असतं तर आधी कळलं असतं."

मला ते फार लागलं. आईला आणि मला दोघींनाही दिसत होतं, आणि आमच्याही लक्षात आलं नव्हतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. ते तेव्हा सुचलं नाही. पुढच्या फेरीला मी तीन नवे निवडुंग आणले आणि कुंडीसाठी तयार मिळते ती मातीची पिशवीही आणली.

त्याच दिवशी साखरशेतहून आत्या आली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सगळं आयुष्य भात आणि नाचणीच्या शेतात गेलेलं, बोलणं गावचं. तिनं पिशवीत हात घातला, मूठभर माती दाबली आणि नाकाशी नेली.

"ही इकत आनलीस?" तिनं मला विचारलं.

"हो. दुकानदार म्हणाला चांगली आहे."

"चांगलीच हाये. पन ही पानी धरते. तुला हिच्यात भात लावायचाय का?"

बाबा हसले. खूप दिवसांनी हसले. मग बहीणभाऊ बोलत बसले, आणि मला पहिल्यांदाच कळलं की बाबांना मातीतलं इतकं कळतं. लहानपणी त्यांनीही उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत नाचणी लावली होती. नोकरी लागल्यावर ते सगळं मागे पडलं असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आत्या म्हणाली, जिथं पाणी पडल्या पडल्या वाहून जातं आणि नाचणीशिवाय काही येत नाही, तिथली माती घे. पुढच्या खेपेला तिनं सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तांबडी, मुरमाड माती पाठवली. दाभोशाच्या नदीकाठची जाडसर रेती माझ्या एका सहकारी शिक्षिकेनं आणून दिली.

माती तयार करणं हे मग बाबांचं काम झालं. दोन भाग मुरमाड माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, वर मूठभर चुलीतल्या कोळशाचा चुरा. रेती आधी बादलीत धुवायची, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. माती पत्र्यावर पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवायची, म्हणजे आतली कीड मरते. चाळणीतून जे बारीक पीठ खाली पडेल ते तुळशीला आणि जे वर राहील ते निवडुंगाला. हे आईला फार विचित्र वाटायचं. जन्मभर चाळणीच्या खालचं घ्यायचं आणि वरचं टाकायचं हीच तिची सवय.

सगळं मिसळून झालं की बाबा थोडी माती ओली करून मुठीत दाबायचे आणि मूठ उघडायचे. गोळा तसाच राहिला तर "अजून रेती," म्हणायचे. बोट लावताच गोळा फुटला की माती पास. कुंड्या कुंभाराकडच्या मातीच्या, खाली भोक असलेल्या. भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा. पाणी द्यायचं की नाही हे ठरवायला ते कुंडीच्या कडेवर बोटाचं पेर वाजवायचे. ओली कुंडी ठस्स वाजते, सुकलेली खणखणते. उन्हाळ्यात आठवड्यानं एकदा पाणी, तेही सकाळी आणि खालून निथळेल इतकं. पावसाळ्यात मात्र एक थेंब नाही. जव्हारच्या हवेतच जून ते सप्टेंबर इतकी ओल असते की भिंतींना बुरशी चढते. तेव्हा सगळ्या कुंड्या पडवीत, पागोळ्यांपासून लांब, एका बाकड्यावर मांडायच्या. दोन कुंड्यांत हात जाईल इतकं अंतर ठेवायचं, म्हणजे वारा फिरतो.

पिल्लं वेगळी लावत तीन कुंड्यांच्या सात झाल्या, सातांच्या चौदा. बाबांना प्रत्येक झाड हातानं ओळखता यायचं. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि बाबा प्रत्येकीला हात लावून बघायला सांगायचे. एकदा एका गोल निवडुंगावर त्यांना काहीतरी चिकट लागलं. आईनं पाहिलं तर कापसासारखी पांढरी कीड होती. तिनं काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि एकेक कीड टिपून काढली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते तिचं तिलाच सुचलं.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता सगळ्यात उंच निवडुंग बुंध्याशी मऊ पडला. पागोळीचं पाणी वाऱ्यानं आत आलं असावं. मी घरीच होते. मला पहिला निवडुंग आठवला आणि वाटलं, आता बाबा पुन्हा गप्प बसणार.

पण बाबा म्हणाले, "सुरी आण. कापू या."

"तुम्ही?" आई म्हणाली.

"तू काप. मी धरतो."

त्यांनी फडक्याची जाड घडी करून झाड आडवं धरलं. आईनं कुजका भाग काढून टाकला. आत तपकिरी गोल ठिपका होता.

"आत कसं दिसतंय?"

"मधोमध काळपट आहे."

"मग अजून वर घे. सुरी पुसून घे आधी."

आईनं सुरी स्पिरिटनं पुसली आणि पुन्हा कापलं. पुन्हा ठिपका, थोडा लहान. असं चार वेळा झालं. हातभर झाडाचं चार बोटं उरलं तेव्हा आतून स्वच्छ हिरवं-पांढरं दिसलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता काही नाही, अहो. साफ आहे," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं. साफ आहे."

तो तुकडा पंधरा दिवस सावलीत कागदावर नुसता पडून होता. कापलेली जागा सुकून कडक झाल्यावर कोरड्या मातीत टेकवला आणि पुढे महिनाभर पाणी दिलं नाही. मग एका सकाळी बाबांनी तो दोन बोटांत धरून अगदी हलकेच ओढला. हलला नाही. "धरलंय," ते म्हणाले. आईनं त्या दिवशी शिरा केला.

त्यानंतर दोन वर्षांनी हिवाळ्यात, चारच दिवसांच्या आजारात बाबा गेले. घर माणसांनी भरलं. येणारा जाणारा कुंड्यांची सुकी माती बघून हळहळायचा आणि तांब्याभर पाणी घालायचा. बाबांची झाडं म्हणून लोकांनी मायेनंच घातलं. आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची. जेवायला उठायची नाही. पाचव्या दिवशी पडवीतून जाताना तिची नजर बाकड्यावर गेली. ती थांबली, एका कुंडीत बोट घातलं आणि म्हणाली, "या झाडांना पाणी कोणी घातलं?"

तिनं पदर खोचला आणि एकेक कुंडी उचलून अंगणात उन्हात नेली. मी मदतीला गेले. काही झाडं आम्ही मातीसकट बाहेर काढली, ओली माती झटकली, मुळं उघडी करून कागदावर ठेवली. सुतकाच्या घरात हे काय, असं कुणीतरी पुटपुटलं. आत्या म्हणाली, "करू दे तिला." चौदातली दोन गेली, बाकीची वाचली. त्या दुपारी आई पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

आता माझी बदली मोखाड्याला झाली आहे आणि आई माझ्याकडे असते. कुंड्याही आमच्याबरोबर आल्या. दर उन्हाळ्यात आम्ही साखरशेतला जाऊन माती आणतो. आत्याला चढ चढवत नाही, ती खाली बांधावर बसून कुठे खणायचं ते सांगते. मी मूठ दाबून बघते, पण माझ्या हाताला अजून नीट कळत नाही. बाबांना विचारून घ्यायच्या कितीतरी गोष्टी राहून गेल्या, त्यांतली ही एक.

मागच्या वर्षी शाळेतल्या एका मैत्रिणीनं निवडुंगाचं पिल्लू मागितलं. आईनं तिला समोर बसवून विचारलं, घर कोणत्या तोंडाचं, ओटा उघडा की पत्र्याचा, पावसाळ्यात कुठे ठेवणार, घरात रोज पाणी घालायची हौस कोणाला आहे. पोरगी द्यायची असल्यासारखी चौकशी. दोन दिवस विचार करून मग पिल्लू दिलं, सोबत मातीची पिशवीही. यंदा त्या मैत्रिणीचा फोन आला, निवडुंगाला गुलाबी फूल आलंय म्हणून. मी आईला सांगितलं.

"फुलाचं राहू दे," आई म्हणाली. "बुंध्याला हात लावून बघितलंय का, ते विचार."