वन्संची जुनी काच

माझ्या धाकट्या नणंदेला हॉस्पिटलात सगळे भिंगबाई म्हणत. गाठीचा तुकडा काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली त्याचं नाव ठरवायचं, हे त्यांचं काम. मी जन्मभर रंगमंचावर गरजले. वन्सं मात्र राग दाताखाली धरून जगल्या.

राग त्यांच्या साहेबांवर. माझ्या नवऱ्याच्या तळहातावरची गाठ चिघळली, तिचा तुकडा तपासायला आला. केराटिन हे प्रथिन दाखवणाऱ्या तपासणीत त्याला तपकिरी रंग चढला.

"तपकिरी म्हणजे कार्सिनोमा, अवयवांच्या अस्तरातला कॅन्सर," साहेब म्हणाले. "दुसरीकडून हातात पसरलाय. मूळ शोधा."

"सर, हातातच उगवणारे काही दुर्मिळ कॅन्सर, सार्कोमा, हेही हा रंग घेतात. आणखी एक तपासणी करू."

"भाऊ ना तुझा? डोळे पूस आधी, मग भिंगात बघ!"

सगळी खोली हसली.

मग फुप्फुसं तपासून झाली, पोट झालं, आतडी झाली. मूळ सापडेना, कारण ते हातातच होतं. तोवर गाठी काखेत पोचल्या आणि माझ्या संसारावर पडदा पडला. साहेबांनी रिपोर्ट बदलला नाही. वन्संनी मागाहून ती तपासणी करून घेतली आणि काच जपून ठेवली.

यंदा निवृत्त साहेब मनगटावरच्या गाठीला पट्टी बांधून वन्संच्या दारात आले. गाठीच्या रिपोर्टात साहेबांच्याच शिष्याने लिहिलं होतं: कार्सिनोमा, मूळ शोधा. वन्संचा मला फोन आला, "वहिनी, उद्या या. प्रेक्षक हवाय."

दोघांना एकदम पाहता येईल अशा मायक्रोस्कोपवर त्यांनी काच ठेवली. शेजारी दुसऱ्या तपासणीची.

"सांगा, सर."

साहेबांनी दोन्ही पाहिल्या. "हा तर सार्कोमा! कुठल्या गाढवाने कार्सिनोमा म्हटलं?"

"लेबल वाचा."

त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं. आडनावाशी आवाज बसला.

"मोठ्याने, सर. वहिनी मागच्या रांगेत बसल्यात."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग पुटपुटले, "आणि माझी गाठ?"

"तशीच, सार्कोमा. सर्जनना सकाळीच कळवलंय, मूळ शोधू नका म्हणून. दिवस वाया घालवायला मी म्हणजे तुम्ही नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "वहिनी..."

"वहिनी त्यांची," मी म्हटलं. "तुम्ही बाई म्हणा."

वन्संनी जुना रिपोर्ट पुढे सरकवला. "निदान चुकलं, असं लिहा. खाली सही."

पट्टीच्या हाताने पेन धरवेना. वन्संनी कागद हलू नये म्हणून दाबून धरला. मदत तेवढीच.