फितीतली भरलेली जागा

मूल गावातला आमचा टेप दुरुस्त करणारा ओठांत स्क्रू धरून काम करायचा. त्यामुळे त्याचा होकार, नकार आणि ‘उद्या या’ हे सगळं मिटल्या तोंडानं, गुणगुणल्यासारखं यायचं. अर्थ आपण लावायचा.

मेहुण्यानं अमेरिकेहून एका सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट पाठवली होती. तिकडच्या खेड्यापाड्यांतली, गिटारवरची गाणी. सिनेमा पाहिलेला नाही, शब्द कळत नाहीत. तरी आमची ही तांदूळ निवडताना शेवटचं गाणं रोज लावायची. एकदा फीत टेपमध्ये अडकली आणि मी शहाण्यानं ती चिमट्यानं ओढली. गाण्याचा तुकडा गेला. घरातलं बोलणंही बंद पडलं.

टेपवाल्यानं फीत पाहिली आणि तोंडातले स्क्रू काढले. “काऊन भाऊ, दोरी वळून राह्यले होते का?” मग उरलेलं गाणं तीनदा ऐकलं. “बोली समजत नाई, पर मानूस घरची याद करून राह्यला.”

चार दिवसांनी कॅसेट घरी आणून लावली. तुटलेली जागा आली, गिटार थांबली आणि त्याच चालीत मिटल्या तोंडाचं गुणगुणणं सुरू झालं. दोन ओळींनी गायक परतला. कोरी फीत जोडून यानं ती जागा स्वतःच भरली होती!

“अवो, हा तं आपला टेपवाला!” ही हसत सुटली. आठवडाभरात पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

पुढे लेकीनं ते अख्खं गाणं सीडीवर आणलं. ती जागा आली की आम्ही दोघं अजून ओठ मिटून गुणगुणतो.