कॉस्मास मिस्त्री आणि काळा लाकडी किल्ला

इब्रीच्या जुन्या बाजारामागे, जिथे खजुराची दुकानं संपून गॅरेजं सुरू होतात, तिथे अमीनचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे; मालक म्हणून सगळे त्याला अर्बाब म्हणतात. तिथला मुख्य मिस्त्री कॉस्मास तुस्कानो. मूळचा वसईच्या गिरीजचा, वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं तो ओमानात दारं घडवतोय. जाड फळ्यांची, पितळी खिळ्यांच्या रांगा ठोकलेली, दोन माणसांनी ढकलावी लागतील अशी दारं. इब्रीत नवं घर बांधणारा माणूस आधी जागा बघतो आणि मग कॉस्मास मिस्त्रीला फोन करतो, असं अमीन स्वतः सांगतो.

त्याची बायको मटिल्डा इथल्याच सरकारी इस्पितळात नर्स. दोघांची एकुलती एक मुलगी रोशेल. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, पुण्याला जाऊन कॉम्प्युटर इंजिनीयर झाली आणि नोकरीसाठी थेट जपानला गेली. तेही टोकियोला नाही, मात्सुएला.

"ते कुठे आलं?" कॉस्मासने विचारलं होतं.

"जपानच्या मागच्या बाजूला, डॅडी," रोशेल म्हणाली. "समुद्र आहे, मोठा लेक आहे. शांत आहे. पण कोण येत नाही इथे."

कॉस्मासला फिरण्याची हौस कधी नव्हती. इब्री ते मस्कत, मस्कत ते मुंबई, मुंबई ते वसई आणि सुट्टी संपली की तसंच उलट, एवढाच त्याचा प्रवास. म्हणून रोशेलने दोन तिकिटं पाठवायची ठरवली तेव्हा त्याने आधी मानच हलवली. त्यात मटिल्डाच्या वॉर्डातल्या दोन नर्सेस बाळंतपणाच्या रजेवर, तिला सुट्टी मिळेना. "मग मी पण नाही जात," तो म्हणाला. मटिल्डाने त्याच्यापुढे बॅगच आणून ठेवली. "पोरगी दोन वर्षं बोलावते आहे. तू जा. नाहीतर म्हणेल, बापाला दारांपुढे काही दिसतच नाही." अशा तऱ्हेने तीन किलो खजूर, मस्कती हलव्याचे चार डबे आणि पॅंटच्या खिशात कायम असणारी मापाची टेप घेऊन कॉस्मास तुस्कानो जपानला निघाला.

रोशेलने आठ दिवसांचा बेत आखून ठेवला होता. एक दिवस मात्सुए, मग ओसाका, मग क्योटो. पहिल्याच सकाळी ती त्याला बसने गाव दाखवायला निघाली. बस एका पुलावर चढली आणि कॉस्मास खिडकीला नाक लावून बसला. समोर पाइनच्या झाडांच्या वर डोकं काढून एक इमारत उभी होती. काळीभोर, मजल्यावर मजले, छपरांची टोकं पंख उचललेल्या पाखरासारखी.

"रोशेल, ते काय?"

"कॅसल. किल्ला. पण जास्त काही नाही आहे आत. टुरिस्ट पण कमीच येतात. आपण ओसाकामध्ये मोठी बघू."

रोशेलच्या मराठीत किल्ला कधी 'ती' असायचा, कधी 'ते'. कॉस्मासचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तो लाकडाचा आहे?"

"मे बी. हो, लाकडाचा."

"मे बी म्हणजे काय? लाकडाचा आहे की नाही?"

"आहे, डॅडी! फोर हंड्रेड इयर्स जुना आहे."

कॉस्मासने किल्ले कमी पाहिले नव्हते. वसईच्या किल्ल्यात तो लहानपणी क्रिकेट खेळला होता. बहला, निझवा, इब्रीचाच किल्ला, सगळीकडे त्याने दारं दुरुस्त केली होती. पण किल्ला म्हणजे दगड, नाहीतर माती. दार तेवढं लाकडाचं. चारशे वर्षं जुना, आख्खाच्या आख्खा लाकडाचा किल्ला? "उतर," तो म्हणाला आणि पोरीच्या आधी त्याने स्वतःच बसची घंटी दाबली.

दगडी जोत्यापाशी रोशेल फोटो काढायला थांबली, पण तो पुढे. दारात बूट काढून पिशवीत घ्यायचे होते. मोज्यातला पाय फळीवर पडला आणि त्याला अंगभर बरं वाटलं. आत थंडावा, अर्धा अंधार आणि जुन्या लाकडाचा वास. पंधरा-वीस माणसं असतील सगळी मिळून. एक मजला वर चढला आणि पहिल्या जाड खांबापाशी येऊन तो थबकलाच.

खांब एकसंध नव्हता.

त्याने एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला त्याची खात्री पटली. मध्ये बेताच्या जाडीचा एक खांब, त्याला चारी बाजूंनी जाड फळ्या बिलगवलेल्या, आणि वरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं. लांबून बघावं तर दोन माणसांच्या कवेत न मावणारं झाड. त्याचे डोळे चमकायला लागले. "अरे बापरे... अरे, काय डोकं आहे!" तो मोठ्याने म्हणाला आणि खिशातून टेप काढून सर्रकन ओढली.

कोपऱ्यात बसलेली निळ्या गणवेशातली बाई धावतच आली. दोन्ही हातांची फुली करून ती काहीतरी बोलू लागली. रोशेलचा चेहरा लाल झाला. "डॅडी, प्लीज! टच नाही करायचं! सगळे बघतात!"

"मी कुठे टच केला? मी माप घेतो."

एवढ्यात जिन्यावरून एक म्हातारे गृहस्थ खाली आले. किल्ल्याचे स्वयंसेवक गाइड असतात, त्यांपैकी एक. नाव कादोवाकी, वय शहात्तर. त्यांनी त्या बाईला काहीतरी सांगितलं, मग रोशेलला अदबीने एक प्रश्न विचारला.

"ते विचारतात, हे माप तुला कशाला पाहिजे."

"त्यांना सांग, मी सुतार आहे."

रोशेलने सांगितलं. कादोवाकींनी मान खाली करून कॉस्मासच्या हातांकडे पाहिलं. डाव्या अंगठ्याचं नख चपटं, तर्जनीवर पटाशीने कापल्याची पांढरी रेघ. मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला. मधल्या बोटाचं टोक नव्हतं. करवतीची खूण त्यांनी दुसऱ्या हाताने करून दाखवली. पन्नास वर्षं ते देवळांचं सुतारकाम करत होते. दोघांनी एकमेकांचे हात पाहिले आणि दोघं इतके खदखदून हसले की फुली करणारी बाईसुद्धा हसायला लागली.

त्यानंतर रोशेलला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. कादोवाकी एक वाक्य बोलायचे, कॉस्मास दोन प्रश्न विचारायचा. त्या काळी इतकी जाड, लांब झाडं मिळेनात म्हणून ही युक्ती केली, कादोवाकी म्हणाले. शिवाय तळापासून शेंड्यापर्यंत जाणारा एकही खांब इथे नाही. एक खांब दोनच मजले जातो, त्याच्या शेजारचा एक मजला सोडून सुरू होतो. रोशेल भाषांतर करायच्या आधीच कॉस्मासने दोन्ही हातांची बोटं एकमेकांच्या वर-खाली सरकवून दाखवली. "भार या खांबावरून त्या खांबावर! असंच ना?" कादोवाकींनी टाळी वाजवली.

"डॅडी, तुळई म्हणजे काय? आणि खाच? मला शब्दच माहीत नाही!" रोशेल वैतागून म्हणाली. तिने फोनवर यादी करायला घेतली. एका बाजूला बापाचे शब्द, दुसऱ्या बाजूला कादोवाकींचे. खांब, तुळई, खाच, सांधा, रंधा, पटाशी. ज्या घरात लहानाची मोठी झाली तिथले हे शब्द ती जपानच्या किल्ल्यात शिकत होती.

मग कादोवाकी त्यांना पुन्हा तळमजल्यावर घेऊन गेले. दोन खांब दाखवले, त्यांवरची बारीक भोकं दाखवली. किल्ला जुना आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण नेमका कोणत्या साली पुरा झाला याचा पुरावा सापडत नव्हता. काही वर्षांपूर्वी जवळच्या देवळात प्रार्थनेच्या दोन जुन्या पाट्या मिळाल्या, त्यांवर साल होतं, सोळाशे अकरा. पाट्यांची खिळ्यांची भोकं आणि या खांबांवरची भोकं जुळवून पाहिली. तंतोतंत बसली.

"खिळ्याच्या भोकांवरून?" कॉस्मासला राहवेना. "बघ रोशेल! कागद खोटं बोलेल, भोक नाही बोलणार!"

रोशेलने ते सांगितलं तेव्हा कादोवाकींनी खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.

वर जायचे जिने उभे होते, शिडीसारखे. इब्रीच्या डॉक्टरने कॉस्मासला जिने टाळायला सांगितले होते. पण हे जिने किरी नावाच्या लाकडाचे आहेत, ते अगदी हलकं असतं, हे कळल्यावर तो कसला थांबतोय! आपल्या पांगाऱ्यासारखं हलकं असणार, असा अंदाज करत, कठड्याला धरून तो एकेक मजला चढला. सर्वांत वरचा मजला चारी बाजूंनी उघडा होता. खाली गाव, पलीकडे चांदीच्या परातीसारखं तळं, आणि वारा असा की शर्ट फुगला. कॉस्मासने लगेच मटिल्डाला व्हिडिओ कॉल लावला. ओमानात सकाळचे आठ वाजले होते, ती वॉर्डात होती.

"कुठे चढलास तू? गुडघा?"

"गुडघा राहू दे. हे बघ!" त्याने फोन छताकडे धरला.

"काय बघू? लाकडं दिसतात नुसती. तळं दाखव ना, रोशेल म्हणते मोठं तळं आहे!"

"तळं मग. आधी हा सांधा बघ, मटिल्डा. एक खिळा नाही याच्यात!"

मटिल्डाने कपाळावर हात मारला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी खुदेजा, जी तिच्याकडून रोज नवऱ्याच्या गोष्टी ऐकायची, तिनेही फोनमध्ये डोकावून सांधा पाहिला आणि "माशाल्ला" म्हणाली.

ओसाका रद्द झालं, क्योटोही रद्द झालं. आठ दिवसांत कॉस्मास चार वेळा किल्ल्यात गेला. बेतच मोडल्यावर रोशेल पुन्हा ऑफिसला जायला लागली आणि तो एकटाच बसने किल्ल्यात जायचा. दुसऱ्या दिवसापासून ती निळ्या गणवेशाची बाई त्याला लांबूनच वाकून नमस्कार करायची. मापं घ्यायलाही मग कोणी हरकत घेतली नाही. टेपचं एक टोक कादोवाकी धरायचे, एक तो, लाकडापासून बोटभर अंतर ठेवून.

निघायच्या आदल्या दिवशी कादोवाकींनी बापलेकीला घरी बोलावलं. मागच्या खोपट्यात त्यांची हत्यारं होती. जपानी रंधा स्वतःकडे ओढायचा असतो. कॉस्मासने आयुष्यभर तो पुढे ढकलला होता. पहिल्या ओढीला पातं रुतलं. दुसऱ्यांदा उडी मारून निसटलं. कादोवाकींनी त्याची कोपरं शरीराजवळ आणली, कंबर मागे घ्यायला लावली. सहाव्या खेपेला रंध्यातून सळसळत एक लांब साल निघाली, पलीकडचं दिसावं इतकी पातळ. कॉस्मासने ती दोन्ही हातांनी उजेडात धरली आणि शिट्टी मारली. मग पाळी कादोवाकींची. त्यांनी कॉस्मासच्या पद्धतीने रंधा ढकलला, आणि पन्नास वर्षांचा तो वाकबगार सुतार पहिल्याच धक्क्यात ओंडक्यावर आडवा झाला. दोघं हसतायत, रोशेल व्हिडिओ काढतेय, आणि कादोवाकींची बायको हलव्याचा डबा घेऊन दारात उभी.

इब्रीला परतल्यावर कॉस्मास एक दिवससुद्धा घरी बसला नाही. उरलेल्या तुकड्यांमधून त्याने पुरुषभर उंचीचा खांब जुळवला. मध्ये साधं लाकूड, बाहेरून सागाच्या फळ्या, वर लोखंडी पट्ट्या. अमीन अर्बाब आला, खांबाभोवती फिरला, तळहाताने थापट्या मारल्या.

"मिस्त्री, ये एक लकडी नहीं है?"

"नहीं, अर्बाब. जोडा है."

अमीनने पुन्हा एक फेरी मारली. "मेरा फार्म पे नया मजलिस बनता है, मेहमान लोग का बैठक. सिमेंट का पिलर खलास. ऐसा आठ बनाओ. यल्ला, जल्दी!"

सध्या पाचवा खांब चालू आहे. लोखंडी पट्ट्या वाकवण्याचं काम शेजारच्या पेशावरी लोहाराकडे, जिब्रानकडे आहे. हा माणूस पहिल्यांदा म्हणाला होता, ऐसा काम कोई नहीं करता. आता स्वतःच सकाळी सातला पट्टी खांद्यावर टाकून हजर होतो. रोशेल व्हिडिओवरून दर शुक्रवारी प्रगती विचारते आणि कादोवाकींची सूचना असली तर सांगते. पट्टी तापवून बसवायची की थंड, यावर मात्सुए आणि इब्री यांच्यात परवा पाऊण तास वाद झाला, आणि मधे रोशेल एकटी.

"आधा सूत कम है, मिस्त्री!" पट्टी खांबाला लावून बघत जिब्रान ओरडला; इंचाचा सोळावा हिस्सा कमी पडत होता.

"तो फिर गरम कर, भाई!" कॉस्मास ओरडला आणि त्याने बाह्या सरसावल्या.